माशांची वही

ठिबकच्या दुकानात ॲसिडचं नवल नसतं. फैजपूरला माझं छोटंसं दुकान आहे. नळ्या, ड्रिपर, फिल्टरच्या जाळ्या, नळीतल्या पाण्यात खत ओढून घेणारी व्हेंचुरी असला माल. शेतकरी येतो, खिशातून क्षाराने बुजलेला ड्रिपर काढतो आणि काही न बोलता काउंटरवर ठेवतो. मग मी तेच पाठ झालेलं सांगतो: बादलीभर पाणी घ्या, त्यात थोडं थोडं ॲसिड सोडा, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पाण्याचा आंबटपणा मोजणारा पीएचचा कागद (आकडा जितका खाली तितकं आंबट) चारच्या आसपास आला की तेच प्रमाण धरून नळ्यांमध्ये सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढा. वीसेक वर्षं हेच सांगतोय. त्यामुळे घरच्या एंजल माशांच्या टाकीचा पीएच पहिल्यांदा मोजला आणि तो ८.२ निघाला, तेव्हा मला काही भीती वाटली नाही. हा तर आपला रोजचा धंदा.

टाकी चार फुटी होती, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच. पाणी मावायचं सव्वादोनशे लिटर. भुसावळहून सहा एंजल आणले होते. त्यांतल्या दोघांनी जोडी जमवली, बाकीच्या चौघांना कोपऱ्यात दाबून टाकलं आणि उभ्या ठेवलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर अंडी घातली. शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी, ओळीने. दोघं आळीपाळीने पंखांनी वारा घालायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंडी पांढरी पडली, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी. दहा-बारा दिवसांनी परत तेच. असं चार वेळा झालं.

एंजल मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी मऊ, थोडं आंबट. आमचं पाणी बोअरचं, टीडीएस ६५०, म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायचे. घरात त्याला ‘डाळ न शिजणारं’ म्हणतात. हंड्याला आतून पांढरा थर, कूलरच्या गवताला पांढरी साय, गिझरची कॉइल दोन वर्षांत खडूची कांडी. गुन्हेगार कोण ते उघडच होतं.

दुकानातूनच फॉस्फरिक ॲसिड आणलं. संध्याकाळी मगभर पाण्यात थेंब मोजून टाकीत सोडलं, पीएच ६.८ झाला. हात झटकून जेवायला बसलो. सकाळी पाहतो तर परत ८. असं तीन रात्री चाललं. आता कारण माहीत आहे, तेव्हा नव्हतं. आमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. त्यावर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो; खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की जे फसफसतं तेच. तो वायू पाण्यात असतो तोवर पीएच खाली दिसतो. रात्रभर हवेचा पंप बुडबुडे सोडतो, वायू उडून जातो आणि पीएच परत जागेवर येऊन बसतो. पण दर वेळी बायकार्बोनेटची शिल्लक थोडी थोडी संपत जाते. यालाच मासेवाले केएच म्हणतात. तो मोजायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. ठिबकच्या नळीत कोणी राहत नाही, तिथे शिल्लक संपली तर बरंच.

चौथ्या रात्री चिडून दुप्पट टाकलं. सकाळी कागद पिवळाजर्द झाला, म्हणजे पीएच सहाच्याही खाली. पाच एंजल आडवे. एक कोपऱ्यात तिरका उभा होता, कल्ले फडफडत. तो वाचला. जोडीतला नर, असं मी समजत होतो.

त्यानंतर दीड महिन्याने त्या ‘नराने’ एकट्यानेच काचेवर अंडी घातली.

म्हणजे जोडी दोन माद्यांची होती. एंजलमध्ये हे होतं. नर नसला तर माद्या आपसांत जोडी जमवतात, दोघी अंडी घालतात, राखणही करतात. अंडी फळलेलीच नव्हती, ती पांढरी पडणारच. पाण्याचा काडीचा दोष नव्हता. ही म्हणाली, ‘पाच जीव गेले आणि पाणी निर्दोष सुटलं.’ मी काय बोलणार? त्या दिवशी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख, पीएच, टीडीएस, तापमान असे रकाने आखले. कुणाला बोल लावायचा तर आधी मोजायचं, एवढंच डोक्यात होतं.

वही ठेवायला लागल्यावर दुसरी गोष्ट सुचली, जी खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. आमच्या पाण्यात आपणहून खूश राहणारे मासे आहेत की. एंजल ज्या कुळातला, त्या सिक्लिड कुळाचा पसारा अफाट आहे. आपल्याकडे बाजारात मिळते ती चिलापी, म्हणजे तिलापिया, तीही सिक्लिडच. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. हतनूर धरणाच्या पाण्यावर जाळं टाकणाऱ्या एका भोईदादाने मला एकदा सांगितलं होतं, चिलापीची मादी जाळ्यात आली की तोंडातून पिल्लं ओकते. मला ती थाप वाटली होती. भारतातले अस्सल देशी सिक्लिड तीनच. त्यांतला सगळ्यात मोठा केरळचा करीमीन. १७९० साली ब्लॉख नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, त्यात ‘सुरत’ आहे: एट्रोप्लस सुराटेन्सिस. मासा केरळच्या खाड्यांमधला आणि नाव सुरतेचं, जिथे आमची तापी समुद्राला मिळते. हे वाचून मला उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

आमच्या पाण्याला जुळणारे मासे मात्र मलावी तळ्याचे. पूर्व आफ्रिकेतलं हे तळं सातशे मीटर खोल आहे, त्यात सिक्लिडच्या शेकड्यांनी जाती, आणि पाण्याचा पीएच पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान. (या तळ्यासाठी म्हणून लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाने एक आगबोट बांधवून घेतली होती, ‘लेडी न्यासा’. ती तळ्यात कधी उतरलीच नाही. १८६४ मध्ये तो ती समुद्रातून हाकत मुंबईला घेऊन आला आणि पुढे तिथेच विकून टाकली.) मलावीच्या माशांना भयंकर जड पाणी लागतं असं दुकानदार सांगतात आणि क्षाराच्या पुड्या विकतात. ते काही खरं नाही. त्या तळ्याच्या पाण्यात आमच्या बोअरच्या निम्म्यानेही क्षार नाहीत. या माशांना पीएच वर हवा असतो आणि मुख्य म्हणजे तो हलायला नको असतो. आमच्या बोअरला दुसरं काही येत नसेल, पण पीएच जागचा न हलू देणं त्याला पक्कं जमतं. मी ॲसिड घेऊन चार रात्री ज्याच्याशी भांडलो, ते नेमकं हेच.

मुंबईला कुर्ल्याच्या मासेबाजारातून आठ पिवळे लॅब आणले. प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, थर्मोकोलच्या खोक्यात, रात्रीच्या गाडीने भुसावळपर्यंत मांडीवर. लॅबिडोक्रोमिस सेरुलियस हे त्यांचं शास्त्रीय नाव, आणि त्यातल्या सेरुलियसचा अर्थ आकाशी निळा! मासा हळदीसारखा पिवळा. नाव ठेवताना हातात आलेला नमुना वेगळ्या रंगाचा होता, म्हणून हा घोळ. एका ट्रिपमध्ये आठही जगले. बोअरचं पाणी, स्पंज फिल्टर, शेतातून आणलेले काळे दगड रचून केलेल्या कपारी. ॲसिडचा थेंब नाही.

पाच महिन्यांनी एका सकाळी आई टाकीपाशी खुर्ची ओढून बसली होती. ती पंच्याहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, त्यामुळे टीव्ही आणि टाकी एवढंच तिचं बाहेर जाणं. मला म्हणाली, ‘काय रे, ते पिवळी तोंड फुगवून कायले बसेल हाये? दोन दिस झाले, खात नाही ना काही नाही.’

मी दोन फूट अंतरावरून रोज दाणे टाकत होतो आणि मला दिसलं नव्हतं. मादीचा गळा खालून फुगला होता, जबडा मिटलेला, आणि मधूनमधून ती तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळल्यासारखं करत होती. ती अंडी फिरवत होती, सगळ्यांना ताजं पाणी लागावं म्हणून. भोईदादाची थाप खरी निघाली.

नंतर हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. नर एका सपाट दगडावर मादीभोवती गोल फिरतो, अंग थरथरवतो. मादी एखाददुसरं अंडं टाकते आणि लगेच मागे वळून ते तोंडात उचलते. नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे पुसट ठिपके असतात. मादीला वाटतं एक अंडं राहिलं, ती त्या ठिपक्यांवर तोंड मारते आणि तेवढ्यात नराचं बीज तिच्या तोंडात जातं. अंडी फळतात ती तोंडात. मग जवळपास तीन आठवडे ती तोंड उघडून जेवत नाही. समोर दाणे पडताना पाहते, एखादा जवळ आला तर पुढे सरकते आणि आठवण झाल्यासारखी थांबते.

पहिली वीण मी घालवली. चौथ्याच दिवशी तिला वेगळ्या टाकीत ठेवायचं म्हणून जाळी घेऊन मागे लागलो. दगड उलटेपालटे केले, पाणी ढवळलं. दुसऱ्या दिवशी तिचा गळा सपाट. घाबरून तिने अंडी गिळली. पहिलटकरणी तशाही बऱ्याचदा गिळतात असं नंतर वाचलं, पण आईने मला त्या सबबीमागे लपू दिलं नाही. ‘बाळंतिणीले कोणी असं पळवतं का?’ एवढंच बोलली.

दुसऱ्या विणीला तिने स्वतः हिशेब ठेवला. माझ्या वहीत नाही, कॅलेंडरवर. एकादशी-चतुर्थीच्या बाजूला पेन्सिलने फुली. तिच्या लेखी तो पिवळीचा उपास होता. अठराव्या फुलीच्या रात्री दिवे बंद करून, अंधारात झोपलेल्या मादीला मी दुधाच्या मोठ्या भांड्यात अलगद पाण्यासकट उचललं आणि छोट्या टाकीत सोडलं. विसाव्या पहाटे आईने हाक मारली. मादी तळाशी, आणि तिच्या नाकासमोर तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं, डोळेच डोळे. मी बॅटरीचा झोत टाकला तशी तिने तोंड उघडलं आणि त्यांतली चार-पाच परत आत गेली. बाकीची तिच्या गालाशी दाटली. जागा पुरेना. सगळी मिळून सतरा.

पिल्लांचं खाणं फार अवघड नाही. कोल्ड्रिंकची बाटली उलटी कापायची, खडेमिठाच्या पाण्यात आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्याची अंडी टाकून हवा सोडायची, चोवीस तासांत त्याची केशरी पिल्लं वळवळायला लागतात. थंड मुलखात त्यासाठी हीटर लावतात. आम्हाला त्याची गरज पडत नाही.

आमची अडचण नेमकी उलटी. मे महिन्यात बाहेर ४५ च्या पुढे जातं, टाकी ३३-३४ ला येते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ ला सातपेक्षाही थोडा कमी. त्यात माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. सात पीएच आणि २५ अंशाला शंभरातला जेमतेम अर्धा भाग विषारी, ८.२ पीएच आणि ३३ अंशाला तेरा भाग. म्हणजे ज्या पाण्याचं मी कौतुक करतोय, त्याच पाण्यात उन्हाळ्यात चूक महाग पडते. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. लाइट गेली, फिल्टर बराच वेळ बंद राहिला की या जिवाणूंचं काम मंदावतं आणि माशांनाही प्राणवायू कमी पडतो. दुपारी दुकानातून मी बिलं सोडून लाइट आहे का असा घरी फोन करतो, ते सगळ्या गावाला माहीत आहे.

टाकीवर टेबलफॅन लावला की दोन-तीन अंश उतरतात. पण त्याने दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. मी रोज पाच लिटर बोअरचं पाणी ओतून पातळी भरायचो. एके दिवशी टीडीएस १००० च्या वर. वही काढून गुणाकार केला: पाच लिटर म्हणजे सव्वातीन ग्रॅम क्षार, महिन्याचे जवळपास शंभर ग्रॅम. मी टाकीत महिन्याला वाटीभर क्षार ओतत होतो. तेव्हापासून उडालेलं पाणी भरायला आरओचं किंवा गच्चीवरून साठवलेलं पावसाचं, आणि पाणी बदलायचं तेव्हाच बोअरचं. हे गणित मांडताना बांधावर पसरलेली क्षाराची पांढरी साय डोळ्यांसमोर आली. तिथेही आपण बोअरचंच ओततो.

आता जे सांगायचंय ते वहीच्या चौथ्या वर्षाचं आहे. नायट्रेट हा त्या साखळीतला शेवटचा पदार्थ. तो फिल्टरमध्ये संपत नाही, पाणी बदलूनच काढावा लागतो. मासे त्याला फारशी दाद देत नाहीत, पण पिल्लं वाढवायची तर तो कमी असलेला बरा. मी दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलायचो आणि नायट्रेट हलायचाच नाही. दाणे कमी केले. स्पंज धुतला. एका रविवारी निम्मं पाणी काढलं. आकडा तिथेच. तपासणीचं किटच बाद झालं असावं म्हणून नवं मागवलं. त्याची खात्री करायला एक नळी टाकीच्या पाण्याने भरली, दुसरी आरओच्या आणि तिसरी थेट बोअरच्या. थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं थांबलो. आरओची नळी पिवळी राहिली. टाकीची नारिंगी. बोअरची टाकीपेक्षा लाल.

मी पाणी बदलून नायट्रेट काढत नव्हतो, आणून टाकत होतो.

तो कुठून आला याला संशोधन लागत नाही. आमच्याकडे एकरी सतराशे-अठराशे केळीची खोडं, खोडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस. म्हणजे एकरी साडेतीनशे किलो नत्र, आणि शिफारशीवर थांबणारा शेतकरी मी फारसा पाहिलेला नाही. जेवढं केळीने घेतलं नाही तेवढं पाण्याबरोबर खाली. व्हेंचुरी मीच विकतो. युरिया कसा सोडायचा तेही मीच सांगतो.

त्याच महिन्यात लेक बाळंतपणाला घरी आली होती. बाळ पाच आठवड्यांचं, अंगावरचं दूध पुरेना म्हणून वरचं सुरू. पावडर बोअरच्या उकळलेल्या पाण्यात, कारण लहान बाळाला उकळलेलं पाणी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र टाकीतलं दुसरं प्रकरण आठवलं. टाकी नवी होती तेव्हा नायट्राइट वाढला होता आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते, कल्ले चॉकलेटी पडलेले. नायट्राइट रक्तात गेला की हिमोग्लोबिनला प्राणवायू धरता येत नाही, रक्त तपकिरी होतं. तेव्हा खडेमीठ टाकून मासे वाचवले; मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचा नायट्राइट होतो आणि पुढे रक्तात तेच घडतं. म्हणून पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून तो जात नाही. पाणी आटतं आणि तो उलट दाट होतो.

बाळाला काही झालं नव्हतं. छान होतं, रडत होतं. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला आणि पातेलं मोरीत ओतलं. हिला वाटलं माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासून बाळाचं पाणी आरओचं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, आकडा साठच्या वर आला. माझ्या लाल नळीने खोटं सांगितलं नव्हतं.

वही आता सहाव्या वर्षात आहे. माशांची म्हणून सुरू झाली, पण पानं उलटली तर त्यात जास्त करून बोअरच आहे. मेअखेर टीडीएस चढतो, चांगला पाऊस झाला की ऑगस्टमध्ये उतरतो, पाऊस दगा देतो त्या वर्षी उतरतच नाही. दोन उन्हाळ्यांत पंप खाली उतरवावा लागला, त्या तारखांना लाल पेनची रेघ आहे आणि त्यानंतरचे आकडे वेगळेच आहेत. त्याच पानांवर मधूनमधून आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं: पिवळी बसली. पिवळी सुटली, एकवीस.

दुकानात आता लोक बाटल्या घेऊन येतात. कुठून बातमी गेली माहीत नाही, पण काउंटरखाली चिठ्ठ्या लावलेल्या पंधरा-वीस बाटल्या कायम असतात. पैसे घेत नाही. किटच्या थेंबांचा खर्च लॅबची पिल्लं विकून निघतो. परवा सावद्याकडचा एक तरुण बागायतदार आला. ड्रिपर बुजलेले, ॲसिड हवं होतं, आणि सोबत पाण्याची बाटली. नळी हलवून स्टँडला लावली, तोवर त्याला चहा सांगितला. पाच मिनिटांत ती आमच्या बोअरपेक्षा लाल झाली.

‘मासे जगतीन का मंग याच्यात?’ त्याने विचारलं. घरी टाकी घ्यायचं म्हणत होता.

‘जगतील,’ मी म्हणालो. खोटं नव्हतं. पिवळ्यांनी याहून वाईट पाणी काढलंय. तो खूश होऊन ॲसिडचा कॅन उचलायला वाकला.

‘थांब जरा,’ म्हटलं, ‘घरात तान्हं कोणी आहे का?’